नकाशाची झेरॉक्स आणि पाच कलमं

देवगड तालुक्यातली उतारावरची हापूसची बाग. वरचा तुकडा थोरल्या चुलतभावाचा, खालचा धाकट्याचा, मध्ये चिऱ्यांचा जुना गडगा, म्हणजे हद्दीची बुटकी भिंत. जुलैतल्या एका उघडिपीत धाकटे मोजणी नकाशाची झेरॉक्स आणि फायबरची टेप घेऊन बागेत उतरले. झेरॉक्सवर फूटपट्टी ठेवून त्यांनी वरच्या तुकड्याची उभी बाजू मोजली, ८४.४ मिलीमीटर. नकाशाची स्केल १:१०००, म्हणजे जमिनीवर ८४.४ मीटर. वरच्या हद्दीच्या दगडापासून तेवढी टेप सोडली, तर ती गडग्याच्या ४.३ मीटर अलीकडेच संपली. म्हणजे गडगा त्यांच्या तुकड्यात तेवढा सरकलेला, असं त्यांना वाटलं. जमिनीवरच्या ४६.५ मीटर रुंदीला ती पट्टी २०० चौरस मीटर होते, जवळजवळ दोन गुंठे. आणि त्या पट्टीत भरात आलेली पाच कलमं.

दुसऱ्या दिवशी दोघेही माझ्या ड्रॉइंग टेबलासमोर होते. “माझ्या बापाशीन लायलेली कलमा ती,” एवढंच थोरले तात्या बोलले. धाकट्यांनी झेरॉक्स पुढे सरकवली.

आधी त्यांची प्लास्टिकची फूटपट्टी माझ्या ३०० मिलीमीटरच्या स्टीलच्या स्केलला लावून पाहिली. फरक अर्धा मिलीमीटर, तोही पूर्ण लांबीला. ८४ मिलीमीटरला तो नगण्य. शून्यही त्यांनी बरोबर धरलं होतं. बरेच जण पट्टीची कड कोपऱ्याला टेकवतात, पण प्लास्टिकच्या पट्टीत शून्याची रेघ कडेपासून काही मिलीमीटर आत असते. स्टीलच्या स्केलला शून्य कडेवरच असतं, पण ते टोक झिजतं. म्हणून मी कोपऱ्यावर १०० ची रेघ ठेवतो आणि वाचलेल्या आकड्यातून १०० वजा करतो. डोळा रेघेच्या सरळ वर हवा, तिरका पाहिला तर अर्धा मिलीमीटर सहज इकडेतिकडे होतो. १:१००० ला तो जमिनीवर अर्धा मीटर असतो.

माझं वाचनही ८४.४ आलं. आडवी बाजू ४५.१. म्हणजे फूटपट्टी बरोबर, वाचणारा बरोबर, तरी आकडा खटकत होता. तुकडा जवळपास आयताकृती, तेव्हा ८४.४ गुणिले ४५.१ म्हणजे ३८०६ चौरस मीटर, ३७.६ गुंठे. तात्यांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र ४०.५० आर, म्हणजे ४०५० चौरस मीटर, ४० गुंठे. ३८०६ ला ४०५० ने भागलं तर ०.९४, आणि त्याचं वर्गमूळ ०.९७. तिथेच मला कागदाचा संशय आला. लांबी तीन टक्क्यांनी घटली की क्षेत्र सहा टक्क्यांनी घटतं, आणि इथे नेमकं सहा टक्केच कमी होतं.

नकाशाच्या तळाशी आखलेली स्केलपट्टी असते, शून्य ते १०० मीटर, आणि ती बरोबर १०० मिलीमीटर भरायला हवी. झेरॉक्समध्ये नेमकी तीच कापली गेली होती. उरलं होतं ते ‘१:१०००’ असं लिहिलेलं. लिहिलेला आकडा कागद लहान झाला तरी तोच राहतो. आखलेली पट्टी मात्र कागदाबरोबर आखडते आणि खरं सांगते.

तात्यांना घरी ट्रंकेतली मूळ नक्कल आणायला पाठवलं. तिची चौकट ३९० बाय २७० मिलीमीटर भरली. झेरॉक्सची ३७८.३ बाय २६१.९. दोन्ही दिशांना तंतोतंत ०.९७. दुकानातल्या यंत्रावर ‘कागदावर बसवा’ चालू असलं की कडेला समास सोडायला चित्र असंच आखडतं. मूळ नकलेची स्केलपट्टी मी डिव्हायडरने उचलून स्टीलवर ठेवली तर १००.२ आली. तो पावसाळा. दमट हवेत कागद फुगतो, पण तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त आणि लांबीच्या दिशेला कमी. म्हणून दोन्ही दिशांना सारखाच फरक दिसला तर यंत्रावर संशय घ्यावा, वेगवेगळा दिसला तर हवेवर. आणि एकाच बाजूला दिसला, तरच जमिनीवर काही सरकलंय का ते पाहायला जावं.

नकलेवर उभी बाजू ८७ मीटर आली. म्हणजे ४.३ पैकी २.६ मीटर झेरॉक्सचे. राहिलेले १.७ कुठून आले, ते बागेत पाय ठेवल्यावर कळलं. टेप उतारावर जमिनीला टेकवून सोडली होती. नकाशा आडवं अंतर दाखवतो. पाचास एक उतारावर ८७ मीटर आडव्या अंतराला जमिनीवरून जवळजवळ ८८.७ मीटर टेप लागते. दोन्ही चुका एकाच दिशेला पडल्या आणि गडगा दोषी ठरला.

आम्ही पायऱ्यांनी मोजलं. पाच-पाच मीटरचे टप्पे घेतले, कारण पाच मीटरला उतार एक मीटर पडतो आणि टेपचं खालचं टोक कमरेच्या उंचीवर धरता येतं. दहा मीटरला ते डोक्यावर गेलं असतं. टेप स्टीलची, फायबरची जोरात ओढली की ताणते. वरचं टोक जमिनीला, खालचं ओळंब्यावर, आडवेपणा पाण्याच्या नळीने तपासायचा, झोळ पडू द्यायचा नाही. ओळंबा टेकला तिथे खिळा, आणि पुढचा टप्पा त्या खिळ्यापासून. सतरा टप्पे आणि वर १.९ मीटर, असं गडग्याच्या मधोमध ८६.९ आलं.

उरलेल्या दहा सेंटीमीटरवरून भांडण होऊ नये म्हणून धाकट्यांना नकाशाची रेघच दाखवली. रेघ ०.२ मिलीमीटर जाडीची, म्हणजे जमिनीवर २० सेंटीमीटर. तिच्यापेक्षा बारीक उत्तर त्या कागदात नाही. ते हवं असेल तर भूमी अभिलेख या सरकारी खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो, माझ्या टेपला तिथे किंमत नाही. त्यांनी अर्ज केला नाही.

परत आल्यावर झेरॉक्सवर लाल शाईने ‘९७ टक्के, मोजण्यासाठी नाही’ लिहिलं आणि तळाशी ९७ मिलीमीटरची रेघ आखून तिचे दहा भाग केले: शून्य ते १०० मीटर. कागद पुन्हा कुठल्या यंत्रातून गेला, तर ती रेघही त्याच्याबरोबर आखडेल.