नर्मदा परिक्रमा: पहिले सहा दिवस, ओंकारेश्वर ते खलघाट

आज सहावा मुक्काम. खलघाटच्या पुलाजवळ, दक्षिण काठावर, एका आश्रमाच्या ओसरीत आसन लावलंय. पुलावरून आग्रा-मुंबई रस्त्याचे ट्रक रात्रभर जाणार असं दिसतंय. पाच रात्रींच्या शांततेनंतर हा आवाज कानाला टोचतोय.

ओंकारेश्वरला गोमुख घाटावर संकल्प सोडला तेव्हा पाठीवर ९ किलो होतं. मोरटक्क्यापर्यंत खांदे भरून आले. इंदूरहून आतेभाऊ सोडायला आला होता, त्याच्याच हाती जाड स्वेटर, दुसरी चादर आणि पॉवरबँक परत पाठवली. आता साडेसहा किलो आहे, आणि निघणाऱ्यांना मनापासून सांगतो, यातलंही किलोभर कमी करता येईल. जेवणाची चिंता करू नका. निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या या पट्ट्यात, कुणी उपाशी जाऊ देत नाही. मी चौतीस वर्षांचा, तरी सत्तरीतले आजोबा शेतातून धावत येतात आणि म्हणतात, "बाबाजी, चाय पाके जाओ." पहिल्या दिवशी फार अवघडल्यासारखं झालं. आता थांबतो, पितो, "नर्मदे हर" म्हणतो आणि निघतो.

फोड मात्र आले, दोन्ही टाचांना. कारण दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटे गव्हाच्या बांधावरून चालताना दवाने मोजे भिजतात आणि ओल्या मोज्यांवर आपण दहा-बारा किलोमीटर काढतो. आता ऊन चढलं की मोजे बदलतो, ओले सॅकला बाहेरून बांधतो. तासातासाला बूट काढून पाच मिनिटं बसतो. रात्री खोबरेल. रोज सरासरी १६ किलोमीटर होतायत, तेवढे पुरेत.

बकावां गावात घरोघरी नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं घडवतात. यंत्राच्या घरघरीत पांढऱ्या धुळीने माखलेली माणसं, आणि ओल्या दगडावर हळूहळू उमटणारी तांबूस रेघ. अर्धा तास उभा राहिलो.

पण सांगायचं आहे ते महेश्वरसमोरच्या नावडाटोडीचं. आम्हा इंदूरकरांचं महेश्वर म्हणजे घरचंच. लहानपणी आजीबरोबर अहिल्याबाईंच्या घाटावर पाय सोडून बसायचो आणि समोरचा काठ बघायचो. नुसती झाडं आणि वाळू. तिकडे कुणी राहत असेल असं कधी मनात आलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच काठावर होतो. उजव्या हाताला मैया, पलीकडे किल्ला, एकेक करून लागणारे दिवे, पाण्यावरून येणारी घंटा. नावाड्याने हाक मारली, दहा मिनिटांत सोडतो म्हणाला. परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, म्हणून हात जोडले. तो हसला आणि होडी वळवली.

याच गावात १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकळिया यांनी उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली, जळालेल्या गव्हाचे दाणेही निघाले. मी ज्याला रिकामा काठ समजत होतो तो हा. सकाळभर ज्याच्या दवाने मोजे भिजले तो गहू इथे तेव्हाही होता. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आईला फोन केला तर तिकडे नळ आले होते, बादल्यांचा आवाज येत होता. ते पाणी पलीकडच्या जलूदहून चढवलेलं, साधारण ७० किलोमीटर नळातून, घाट चढून आलेलं. १९७८ साली ते पहिल्यांदा इंदुरात आलं. "कुठवर पोचलास?" तिने विचारलं. तुझ्या बादलीतलं पाणी निघतं तिथून जरा पुढे, म्हणालो. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बाटलीतली मैया नीट सांभाळ रे."

सांभाळतोय. परिक्रमेत नर्मदेचं पाणी बाटलीत भरून बरोबर न्यायचं असतं, तीच ही मैया. रोज पहाटे स्नान झालं की बाटलीतलं थोडं पाणी प्रवाहात सोडतो, तेवढंच ताजं भरतो, कुंकू लावतो, उदबत्ती ओवाळतो. झाकण जरा सैल झालंय, त्याला सुती दोरा गुंडाळलाय.

उद्या बडवानीच्या दिशेने. पुढची शूलपाणी झाडी, म्हणजे तो डोंगराळ जंगलाचा टप्पा, ज्यांनी अलीकडे पायी केली असेल त्यांनी बुटांच्या तळव्यांबद्दल लिहा. माझे डाव्या बाजूने झिजायला लागलेत.