सायबाच्या पेटीकडे मान वर करून बघा

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकात लोक जातात ते गोंयच्या सायबासाठी, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरसाठी. मी हुपरीच्या चांदीवाल्यांच्या घरात वाढले, त्यामुळे माझी नजर आधी त्यांचं पार्थिव ठेवलेल्या पेटीवर जाते.

ही चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातच घडली. आखणी मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइट (जेझुइट हा कॅथलिक धर्मसंघ) पाद्रीची, हात इथल्या कारागिरांचे. झेवियर १५५२ मध्ये चीनजवळच्या सांचियान बेटावर वारले, १६२२ मध्ये रोमने त्यांना संत घोषित केलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्यांचं चरित्र पत्र्यावर उमटलं. अक्षरओळख नसलेल्यालाही संत समोर दिसावा, ही बरोक या भव्य, नाट्यमय कलाशैलीच्या काळातल्या चर्चची आस इथे चांदीत उतरली आहे. पत्रा उठवताना एक घाव चुकीचा बसला की चेहरा बिघडतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. म्हणूनच या कारागिरांची नावं त्यांच्या कामासोबत सांगितली जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खालचं संगमरवरी स्मारक साठेक वर्षांनी आलं. इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक, मेदिची घराण्यातला तिसरा कोझिमो याने ते फ्लॉरेन्समध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीकडून करवून घेतलं. सुटे भाग समुद्रमार्गे आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. झेवियर यांचं डोकं ज्या उशीवर टेकलेलं होतं ती उशी ड्यूकला मिळाली होती, त्याची ही परतभेट. भक्ती खरीच असणार. पण गोव्यातल्या चर्चचा आश्रयदाता पोर्तुगालचा राजा, आणि त्याच्या या मुलखात मेदिची घराण्याचं वैभव कायमचं उभं राहिलं, हेही तितकंच खरं. फोज्जिनीच्या ब्राँझच्या चौकटी अप्रतिम आहेत. तरी मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती रचनेची: फ्लॉरेन्सचा संगमरवर खाली, आणि त्याने तोलून धरलेली गोव्याची चांदी वर!

मुख्य वेदीही नीट पाहा. चर्च बाळ येशूचं, पण सोन्याच्या मुलाम्याच्या त्या भव्य मखरात बाळ येशूची मूर्ती लहानशी आणि तिच्यावर जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला भलेमोठे. संघाला आपलं सामर्थ्य किती ठसवायचं होतं, ते या मापांवरूनच कळतं.

पेटी बरीच उंचावर आहे, खालून पत्र्यांवरचे प्रसंग धड लागत नाहीत. जाणार असाल तर छोटी दुर्बीण जवळ ठेवा आणि एकेक चौकट सावकाश बघा.