चष्मा काढा प्लीज

परवा व्हिसाचा फोटो काढायला गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणे चष्मा काढा. नियम आहे म्हणे. अहो पण माझा नंबर मायनस सहा, चष्मा काढला की कॅमेरा कुठे आणि पोरगी कुठे तेच कळेना, फोटो आला तो बाजारात चुकलेल्या बोकडासारखा.

आणि एकदम थिओडोर रूझवेल्ट आठवला, अमेरिकेचा जुना प्रेसिडेंट. मी राहतो अमेरिकेत, नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्कला, तिथून दोन तासांवर मेडोरा, त्याच्या रँचजवळचं गाव, तिथून आणलेलं त्याचं पोस्टकार्ड फ्रिजवर लावलंय. १८८५ चा फोटो, तेव्हा हा गडी २६ वर्षांचा, प्रेसिडेंट वगैरे नंतर, तेव्हा डाकोटात गुरं पाळणारा रँचवाला. हरणाच्या कातड्याचा झालरीवाला ड्रेस, हातात बंदूक, कमरेला टिफनीचा सुरा (हो, तीच दागिनेवाली टिफनी!). एकदम रानातला माणूस. फक्त फोटो काढलाय न्यू यॉर्कच्या स्टुडिओत, पायाखालचं गवतही खोटं, आणि चष्मा गायब! इकडचे काउबॉय त्याला 'चार डोळे' म्हणून चिडवायचे, आपल्याकडे चष्मिस म्हणतात तसं, मग शहाण्याने काढूनच ठेवला.

मला आधी जाम राग आला होता. आमच्या आजोबांनीही साताऱ्याला स्टुडिओतला कोट घालून फोटो काढलाय, मागे पडद्यावर ताजमहाल, पण ते बिचारे आयुष्यभर उसात राबले, त्यांना एक दिवस कोट घातला तर काय बिघडलं? हा तर जन्माचा श्रीमंत. पण खरं सांगायचं तर हाही नुसता फोटोपुरता नव्हता. १८८४ च्या १४ फेब्रुवारीला बायको आणि आई एकाच दिवशी गेल्या, त्यानंतर हा इकडे येऊन राहिला, गुरांमागे घोड्यावर दिवसच्या दिवस काढले. १८८६-८७ च्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त गुरं मेली. इथली थंडी काय असते ते मला विचारा, उणे तीसला नाकातले केस कडक होतात.

आणि मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा? पहिल्या बर्फात पार्किंगमधल्या कुणाच्या तरी लालभडक पिकअपला टेकून फोटो पाठवला होता घरी. आई म्हणाली, "अरे, ही तुझी गाडी?" मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तिने तो सगळ्या सोसायटीला फॉरवर्ड केलाय, डीपी पण तोच आहे तिचा.

त्यात चष्मा मात्र घातलाय हं मी.