साखर नाहीये हो, बॉर्डरवर आहे फक्त

सकाळी साडेसातला लॅबची खिडकी उघडते तेव्हा बाहेर लाईन लागलेलीच असते आणि त्या लाईनीत एक तरी काका असे असतात की उपाशी आहात ना विचारलं की एकदम ठासून हो म्हणतात, आणि दंडाला पट्टा बांधून झाला की हळूच सांगतात, "अर्धा कप चहा झालाय फक्त, बिस्किट नाही खाल्लं हां." चहा म्हणजे खाणं नाही असा आपल्याकडे कायदाच आहे बहुतेक. मग त्यांना उद्या या म्हणायचं, ते चिडणार, एसटीचं भाडं कोण देणार विचारणार, रोजचंच आहे.

मी एका तालुक्याच्या गावी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घेते, बारा वर्षं झाली. गंमत अशी की ज्यांची साखर निघते त्यातले कितीतरी जण साखर तपासायला आलेलेच नसतात. कुणाचा खांदा आखडलेला असतो म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे आलेले, कुणाच्या पायाला मुंग्या, कुणाचा चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, कुणाची चपलेनं झालेली जखम महिना झाला तरी ओलीच. आणि मोतीबिंदूवाले तर विचारू नका, ऑपरेशनच्या आधी शुगर करायचीच असते ना, तर डोळ्यासाठी आलेली आजी डायबेटिसची फाईल घेऊन घरी जाते. मागे एका मावशींची जेवणानंतरची २८० आली तर त्या माझ्यावरच भडकल्या, म्हणे मशीन बिघडलंय, मी तर चहासुद्धा गुळाचा पिते!

त्यामुळे नुसतं आमचं रजिस्टर बघितलं तर वाटेल अख्ख्या तालुक्याला डायबेटिस झालाय. तसं नाहीये. हॉस्पिटलात येतो तो काहीतरी दुखतंय म्हणूनच येतो, वय पण जास्त असतं आणि डॉक्टर पण शंका आली की मगच शुगर लिहितात, म्हणजे गाळणीतून गाळून आलेली माणसं आमच्याकडे, तिथे टक्का जास्तच दिसणार. गावागावात घरोघरी जाऊन मोजलेला आकडा वेगळा. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, इंडियाब म्हणून मोठा सर्व्हे आहे, १ लाख १३ हजार लोकांचा, २०२३ मध्ये आला, त्यात देशातल्या मोठ्या माणसांमध्ये डायबेटिस ११.४ टक्के आणि प्री-डायबेटिस (म्हणजे बॉर्डरवाले) १५.३ टक्के निघाला. म्हणजे १० कोटींच्या वर पेशंट आणि त्यांच्या मागे १३ कोटींच्या वर लोक रांगेत उभे. शेजारच्या गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सगळ्यात वर, चारात एक माणूस.

मला खरा राग येतो तो 'बॉर्डर' या शब्दाचा. उपाशीपोटी १२६ किंवा वर, जेवणानंतर २०० किंवा वर, तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) साडेसहा किंवा वर आली की डायबेटिस. उपाशीपोटी १०० ते १२५, जेवणानंतर १४० ते १९९, तीन महिन्यांची ५.७ ते ६.४ म्हणजे मधली पायरी. पण रिपोर्ट हातात घेऊन माणूस विचारतो काय, "नाहीये ना?" आणि आपण घाईत म्हणतो, नाही, बॉर्डरवर आहे. झालं! पास झाल्यासारखा चेहरा करून घरी जातात, वाटेत वडापाव खातात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी या बॉर्डरवाल्यांचाच तीन वर्षं अभ्यास केला होता, २००६ ला छापून आला, ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यात १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत डायबेटिस झाला आणि ज्यांच्या चालण्या-खाण्याकडे लक्ष ठेवलं त्यांच्यात ३९ जणांना. हे मी प्रत्येकाला खिडकीतून सांगत बसले तर लाईन दुपारपर्यंत हलायची नाही.

आणि बारीक माणसांचं वेगळंच. "माझ्या अंगावर मांस कुठाय ताई, मला कसली शुगर?" पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे विलायतेतले मित्र डॉ. युडकिन, दोघांचा एक फोटो आहे, दोघं शेजारी उभे, उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचा २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून बारीक, आतून चरबी. वजनकाट्यापेक्षा पोटाला टेप लावून बघा, पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्याच्या वर गेलं की तपासून घ्यायचं.

अजून एक जमात आहे, तपासणीच्या आधी दोन दिवस गोड, भात सगळं बंद करून येणारी. उपाशीची छान ९८ येते, खूश. मग डॉक्टर तीन महिन्यांची लिहितात आणि ती येते ७.८, सगळी दिवाळी, सगळी लग्नं बाहेर. (लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर हा आकडा उगाच वर दिसू शकतो, बायकांचं जरा जपून वाचावं लागतं.) आणि जेवणानंतरची द्यायला तर निम्मे परत येतच नाहीत, जे येतात ते हात धुतल्यापासून दोन तास मोजतात, अहो पहिल्या घासापासून मोजायचे असतात.

हे सगळं आज लिहायला बसले कारण आमच्या आईचा उजवा खांदा महिनाभर वर जात नाहीये, वेणी घालता येत नाही, आणि मी घरात असून तिची साखर तपासावी हे मला आज दुपारी सुचलं. उद्या सकाळी तिला माझ्याबरोबर लॅबला नेतेय. चहा-पावडरचा डबा आत्ताच उचलून माझ्या कपाटात ठेवलाय, तरी ती पाचला उठून शेजारी जाईल, मला माहितीये.