बोक्याने आम्हाला लावलेली सवय

आमच्या मागील दारी येणारा बोका कोणाचाच नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी आईने त्याला एकदा करवंटीत दूध घातले, आणि तेव्हापासून संध्याकाळी दूध तापू लागले, की तो जाळीच्या दारावर पंजा घासत ओरडू लागतो. वर्गात साधक अभिसंधान, म्हणजे कृतीच्या परिणामातून सवय कशी लागते हे, शिकवताना मला हल्ली पुस्तकातल्या उंदरांआधी हाच आठवतो.

मांजरांचा या विषयाशी संबंध तसा जुनाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून बाहेर मासळीचा तुकडा ठेवला आणि त्यांना सुटायला किती वेळ लागतो, याची नोंद १८९८ साली प्रसिद्ध केली. मांजर ओरबाडते, चावते, आणि कधीतरी चुकून पंजा दोरीच्या फासात अडकून दार उघडते. पुढच्या खेपांना हा वेळ कमी होत जातो, पण हळूहळू, मध्येच पुन्हा वाढत. मांजराला युक्ती एकदम उमगली असती, तर आलेख कड्यासारखा खाली कोसळला असता. तो तसा कोसळत नाही, यावरूनच थॉर्नडाइक यांनी परिणामाचा नियम मांडला. ज्या कृतीमागून समाधान येते, ती त्या परिस्थितीत पक्की होते.

पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांना महत्त्वाचा धागा सापडला तो चक्क टंचाईतून. तरफ दाबल्याबद्दल उंदरांना बक्षीस म्हणून द्यायच्या अन्नाच्या गोळ्या ते स्वतः यंत्रावर वळत असत. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आले, की उरलेला दिवस गोळ्या वळण्यात घालवला नाही, तर सोमवारी सकाळीच साठा संपेल. म्हणून दर वेळी बक्षीस देण्याऐवजी त्यांनी मिनिटाला एकदाच गोळी द्यायचे ठरवले, आणि उंदीर तरफ दाबतच राहिले. अधूनमधून फळ मिळालेली सवय, फळ पूर्ण थांबल्यावरही, नेहमी फळ मिळालेल्या सवयीपेक्षा जास्त काळ टिकते, हे पुढील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

आमच्या घरी नेमके हेच घडले. दूध द्यायचे नाही असा ठराव झाला, तीन दिवस पाळलाही गेला. चौथ्या दिवशी ओरडणे इतके वाढले, की आईने कान झाकत करवंटी भरली. विलोपन, म्हणजे फळ बंद करून सवय विझू देणे, सुरू झाले, की वर्तन शमण्याआधी बरेचदा उसळते, आणि नेमक्या त्या उसळीलाच आम्ही बक्षीस दिले. शिवाय दूध घालताच ओरडणे थांबते, म्हणजे आईच्या कृतीलाही फळ मिळते. नकोशी गोष्ट टळल्यामुळे कृती पक्की होणे, म्हणजेच ऋण प्रबलन. विद्यार्थी त्याला हमखास शिक्षा समजतात, आणि परीक्षेत गुण घालवतात. प्रत्यक्षात शिक्षेने वर्तन दबते, ऋण प्रबलनाने वाढते. आमच्या दारात कोण कोणाला शिकवत होते, हे सांगणे कठीण आहे.

पाणी उडवून हाकलण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मी मानला नाही. अशाने बोका दाराला नव्हे, तर पाणी उडवणाऱ्या माणसाला तेवढा घाबरू लागेल, असे मला वाटते. त्याऐवजी गेल्या आठवड्यापासून तो गप्प बसलेला असतानाच आई करवंटी बाहेर ठेवते. आता तो साडेपाचलाच पायरीवर येतो आणि जाळीकडे टक लावून बसतो. अजून तरी त्याने पंजा घासलेला नाही. काल मात्र दूध नासले होते, आणि आई स्वयंपाकघरातला दिवा न लावताच आत बसून होती.