दोघं इथेच जन्मली, पण ब्रिटिश एकच

धाकटीच्या पासपोर्टची ही गोष्ट 2019 ची आहे, पण ओळखीतलं कुणी ना कुणी अजून विचारतं म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये रेडिंगला होतो. थोरला 2016 चा, धाकटी ऑक्टोबर 2018 ची, दोघंही एकाच हॉस्पिटलात झाली. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, तिकडं जन्मलं म्हणजे झालंच की ब्रिटिश, त्यात काय सिद्ध करायचं! आमच्या शेजारच्या गुजराती काकांनाही तसंच वाटायचं, कारण त्यांची मुलं 1979-80 सालातली, आणि तेव्हा खरंच तसंच होतं. 1 जानेवारी 1983 पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून नुसतं इथे जन्मून भागत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी ब्रिटिश नाहीतर आयएलआरवाला, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी असलेला पाहिजे.

नवऱ्याला आयएलआर मिळाला फेब्रुवारी 2018 मध्ये. म्हणजे थोरला जन्मला तेव्हा आम्ही दोघं व्हिसावर, त्यामुळे तो ब्रिटिश नाही, आणि धाकटी जन्मतःच ब्रिटिश! थोरल्याला ब्रिटिश नागरिक करायला एमएन1 नावाचा फॉर्म भरून वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागलं, 1,012 पौंड मोजले, ते सर्टिफिकेट आल्यावर मग पासपोर्टचे 49. धाकटीला थेट 49. इतके पैसे गेल्यावर वाटलं की हिचं तरी आता चुटकीसरशी होईल.

कसलं काय.

पहिली चूक माझीच. जन्मनोंदणी 42 दिवसांत करायची असते, ती केली, पण हातात आलेला छोटा दाखला तेवढा जपून ठेवला. त्यावर आईबापाची नावंच नसतात, मग तो काय कामाचा? मोठा दाखला 11 पौंड भरून मागवला. मग लग्नाचा दाखला, तो ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीत, त्यावर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, मधल्या नावाच्या जागी आधी बाबा आणि मग नवरा. आपल्याला यात काही वाटत नाही हो, पण इथल्या माणसाला त्या दोन वेगळ्या बायका वाटू शकतात, म्हणून भाषांतर करून घेतलं आणि सोबत चार ओळींचं पत्र जोडलं.

फोटोला एक अख्खा रविवार गेला. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे उघडे नसले तरी चालतात, पण फोटोत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. पलंगावर पांढरी चादर अंथरून तिला उताणी झोपवली, नवरा वर खुर्चीवर उभा मोबाइल घेऊन, मी बाजूला खुळखुळा वाजवतेय आणि थोरला दर वेळी बरोबर फ्रेममध्ये डोकं घालतोय! ओळख पटवायला ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्टवाला, ठरावीक पेशातला, नात्यात नसलेला माणूस लागतो, तिथे समोरच्या रिटायर्ड शिक्षिका धावून आल्या.

सगळी ओरिजिनल कागदपत्रं पोस्टाने गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं, जन्माच्या वेळी वडिलांकडे आयएलआर होता याचा पुरावा पाठवा. आम्ही चक्रावलो, बीआरपी, म्हणजे इथे राहायच्या परवानगीचं कार्ड, तर पाठवलं होतं ना! मग नवऱ्याने कपाळावर हात मारला. जुनं कार्ड जीन्सच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये गेलं होतं, त्याचं नवीन आलं जानेवारी 2019 मध्ये आणि त्यावर तारीखही जानेवारीचीच. मुलगी ऑक्टोबरची. म्हणजे नुसतं कार्ड बघणाऱ्याला वाटणार की बापाला परवानगी मुलीच्या जन्मानंतर मिळाली. त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं.

आता शोधायचं होतं आयएलआर दिल्याचं होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, मूळ पत्र. जिन्याखालचं कपाट उपसलं, गॅसची बिलं, पगाराच्या स्लिपा, थोरल्याची लसीकरणाची वही, सगळं निघालं, पत्र नाही. शेवटी ते सापडलं कुकरच्या वॉरंटीच्या पाकिटात, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, पण वर फेब्रुवारी 2018 ची तारीख स्वच्छ वाचता येत होती. रात्री साडेअकराला आम्ही दोघं तो कागद हातात धरून हसत बसलो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डेड पोस्टाने पाठवला आणि पुढच्या दोन आठवड्यांत पासपोर्ट आला, बाकीचे कागद मागाहून वेगळ्या पाकिटात.

आता ती कार्डंच गेली, सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर आलंय, तरी माझं सांगणं एकच, आयएलआर मिळाल्याचं पत्र किंवा ईमेल असेल ते दोन ठिकाणी ठेवा आणि कुकरच्या पाकिटात ठेवू नका. आज तुमच्याकडे काय आहे यापेक्षा बाळ झालं त्या दिवशी काय होतं तेच बघतात.

थोरला आता मोठा झालाय. त्याचं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फाइलमध्ये बघितलं की बहिणीला चिडवतो, मला सर्टिफिकेट मिळालंय, तुला कुठे मिळालं? ती रडत माझ्याकडे येते.