मीठ, पाणी आणि ह्युमिडॉरचा काटा

नागपूर, मे महिना, रात्र

नवतपा तोंडावर आला असल्यामुळे ह्युमिडॉरमधील, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवण्याच्या पेटीतील, दोन्ही आर्द्रतामापक, काट्याचा आणि डिजिटल, काल रात्रीपासून मिठाच्या कसोटीला लावले होते. या दिवसांत बाहेरची हवा रखरखीत कोरडी असते आणि कूलर सुरू झाला की घरातला ओलावा झपाट्याने चढतो. अशा वेळी मापकच चुकीचा आकडा दाखवत असेल, तर सिगारची निगा कशाच्या भरवशावर राखावी?

कसोटी साधी आहे, पण पाण्याचा अंदाज नेमका हवा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या रेतीसारखे होईल इतकेच पाणी थेंबाथेंबाने घालावे, कारण न विरघळलेले मीठ शिल्लक असेपर्यंतच द्रावण संपृक्त राहते आणि ते झाकण व मापक एकत्र ठेवलेल्या हवाबंद डब्यातील आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मला याचे मोल विशेष वाटते ते नागपूरच्या उन्हाळ्यामुळे: 25 अंश सेल्सिअसला हा आकडा 75.3 असतो आणि 40 अंशांनाही 74.7 इतकाच उतरतो. मात्र डबा उन्हाने तापलेल्या भिंतीजवळ किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. कसोटी चालू असताना तापमान स्थिर राहिले पाहिजे.

आज डिजिटल मापकाने 73 दाखवले आणि काट्याने 69. डबा उघडताच काटा खाली सरकू लागतो, म्हणून तो 75 वर आणण्याच्या खटपटीत न पडता, त्या क्षणी जिथे होता तिथून मागचा स्क्रू फिरवून सहा घरे वर घेतला. डिजिटलला स्क्रू नाही; त्याच्या पाठीवर ‘अधिक 2’ अशी चिठ्ठी चिकटवली. ही कसोटी 75 च्या आसपासचीच खात्री देते, परंतु सिगार 65 ते 70 टक्क्यांत ठेवायचे असल्याने तेवढी पुरते. कॅमेऱ्याच्या कोरड्या पेटीतील मापक तपासायला मात्र 33 टक्के देणारे मॅग्नेशियम क्लोराईडच घ्यावे.

आर्द्रता अचूक असली तरी उष्णतेत तंबाखूतील भुंग्याची अंडी उबतात, ही चिंता उरतेच. त्यामुळे उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी सिगारची पेटी आतल्या थंड खोलीत हलवून स्पंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचे आहे.